अस्सल बरहुकूम

मी आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं लिहिलं. त्यात माझं म्हणावं असं एकच वाक्य, आणि तेही माझं नव्हे, कचेरीचं: 'अस्सल बरहुकूम नक्कल असे.' म्हणजे मूळ कागदात जसं आहे तसंच इथं उतरवलं आहे, काना-मात्रेचा फरक नाही. त्याखाली माझी सही. आता दिवाळी अंकासाठी स्वतःच्या मनचं काही लिहा म्हणतात, तर समोर ठेवायला मूळ कागदच नाही. दोन दिवस नुसता समास पाडून बसलो होतो. बायकोनं विचारलं, "कुणाची नक्कल करायची राहिलीय?" मी म्हटलं, "माझीच."

निमित्त तसं घरातलंच. मागच्या महिन्यात सुनेनं कपाट आवरलं. घराचे, शेताचे, माझ्या नोकरीचे सगळे कागद तिनं झेरॉक्स करून एका फाइलीत नीट लावले आणि जुने पिवळे कागद रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवले. पोरगी हुशार आहे, कामसू आहे, तिचं काही चुकलं असं मला म्हणायचं नाही. मी मुकाट्यानं रद्दीतला एकेक कागद उचलून परत ट्रंकेत ठेवला. "बाबा, झेरॉक्स आहे ना सगळ्याची," ती म्हणाली. मी म्हटलं, "आहे ना, म्हणूनच." तिला ते कळलं नाही आणि मला दोन वाक्यांत सांगता आलं नाही.

मी बऱ्हाणपुरात एका सरकारी कचेरीत नक्कलनवीस होतो. कुठली कचेरी ते सोडून द्या. तिच्या मागच्या अंगाला रेकॉर्डची खोली होती, जमिनीपासून आढ्यापर्यंत मांडण्या, आणि मांडण्यांवर लाल खारव्याच्या जाड कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. त्यांना बस्ते म्हणत. एका गावाचा एक बस्ता, मोठं गाव असेल तर दोन. वाटण्या, हद्दी, पाण्याचे करार, वाटेची भांडणं, देवळाच्या दिव्याचं तेल कुणी द्यायचं, सगळं त्यात. लोक अर्ज करत, आम्ही बस्ता सोडून कागद काढायचा, तसाच्या तसा उतरवायचा, सही-शिक्का करून द्यायचा. सांगायला हे काम एका ओळीचं आहे. करायला मान, डोळे आणि कंबर लागते.

नकलेला अक्कल लागत नाही असं लोक म्हणतात. आमचे बडे बाबू त्याच्याही पुढे जात. ते रेकॉर्डखोलीचे मुख्य, मोडी वाचण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. मी रुजू झालो त्या दिवशी ते म्हणाले, "अक्कल घरी खुंटीला टांगून यायची. मूळ कागदात 'बैल' ऐवजी 'बेल' असेल तर 'बेल'च लिहायचं. तुमची अक्कल चालली की नक्कल बिघडली." हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

राज्यांची फेरमांडणी झाली, त्या वर्षांतली ही गोष्ट. आमचं नागपूरशी नातं तुटलं आणि भोपाळशी जुळलं. तापी होती तिथंच होती, पण वरचे साहेब बदलले. कुणी ग्वाल्हेरकडचे, कुणी रीव्याकडचे, कुणी खुद्द भोपाळचे. प्रत्येकाच्या मुलखातली कागदाची रीत वेगळी, आणि प्रत्येकाला आपलीच बरोबर वाटायची. मोडी कुणालाच येत नव्हती. एका साहेबांनी बस्त्यातला कागद उलटा धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "ये लिखावट है या चींटियाँ चली हैं?" बडे बाबूंनी अदबीनं तो कागद त्यांच्या हातात सुलटा करून दिला. साहेब म्हणाले, "अब भी वही बात है।"

मग वरून हुकूम आला. जुने कागद जीर्ण होत आहेत आणि वाचणारेही कमी होत आहेत. तेव्हा सगळ्या मोडी कागदांच्या बाळबोध अक्षरात स्वच्छ नकला कराव्यात, मुळाशी ताडून पाहाव्यात, रजिस्टरांत बांधाव्यात. आणि नकला झाल्यावर मूळ कागद नष्ट करावेत, म्हणजे जागा मोकळी होईल. हुकूम शहाणपणाचा वाटला. मलाही वाटला. माझं अक्षर सुरेख होतं, नोकरी कच्ची होती, आणि माझ्या अक्षरात सबंध तालुका बांधला जाणार याचा मला आनंदच झाला होता.

इथं बाहेरच्या वाचकांना निशाणी म्हणजे काय ते सांगायला हवं. आज ज्याला सही येत नाही तो अंगठा देतो. जुन्या कागदांत तो आपली निशाणी काढी. कुणबी नांगर काढायचा, वाणी तराजू, लोहार हातोडा, आणि बाईमाणूस असेल तर बांगडी. बोरू कधी हातात न धरलेली माणसं ती, त्यामुळे नांगर कधी कोंबडीसारखा दिसे आणि तराजू एका बाजूला कललेला. पण ज्याचा नांगर त्याचाच, दुसऱ्याला तसा जमायचा नाही. नकलेत मात्र चित्र काढायचं नाही असा नियम होता. नावापुढे शब्दांत लिहायचं: 'निशाणी नांगर', 'निशाणी तराजू'.

आणि ताडून पाहणं म्हणजे काय, तेही सांगतो. बडे बाबू मूळ कागद हातात घेऊन मोठ्यानं वाचत, मी नकलेवर पेन्सिल फिरवत ऐकत बसे. त्यांची नजर मुळावर, माझी नकलेवर. मजकूर चुकला तर लगेच कळे. पण निशाणी वाचता येत नाही, ती पाहावी लागते. त्यामुळे ते नाव वाचत, "निशाणी" म्हणत आणि पुढे जात. मी "हं" म्हणे. कचेरीत कितीतरी वर्षं असंच चाललं होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

मला आणखी एक सवय लागली. गावाचा बस्ता म्हणजे बहुतेक सगळी शेतकरी मंडळी. दहा नावं असली तर दहा नांगर. मग मी आधी सगळी नावं एकाखाली एक लिही आणि मग समोरच्या बाजूनं एका दमात खालपर्यंत 'निशाणी नांगर, निशाणी नांगर' उतरवी. अक्षर एकसारखं येई, पान देखणं दिसे, वेळही वाचे. बडे बाबूंनी टांगून यायला सांगितलेली अक्कल मी नेमकी तिथं वापरली.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. देडतलाईचा एक गृहस्थ आठवतो. त्याच्या मूळ कागदाला मधोमध भोक पडलं होतं. नकलेत त्या जागी मी नियमाप्रमाणे लिहिलं, 'येथे कागद खाल्ला आहे.' त्यानं ते कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि तणतणत परत आला.

"कोनं खाल्ला? नाव लिवा त्याचं."

"अहो, वाळवीनं."

"मंग वाळवी लिवा ना! नाई त भाऊबंद म्हनतीन, यानंच खाल्ला." त्याचं म्हणणं रास्त होतं. तेव्हापासून मी प्रत्येक भोकाला वाळवीचं नाव देऊ लागलो.

खकनारकडचा एक म्हातारा दर वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली की यायचा. त्याला नक्कल नको असे. त्याच्या पणज्याचा एक हद्दीचा कागद होता, तो फक्त पाहायचा असे. आमचा दफ्तरी नथ्थू बस्ता सोडी, म्हातारा कागदावर तळवा ठेवून थोडा वेळ बसे आणि निघून जाई. नव्या नकला झाल्यावर तो आला तेव्हा मी मोठ्या ऐटीत रजिस्टर उघडून त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं पान पाहिलं, हात लावला नाही. "हे त तुमचं अक्षर हाय बाबूजी. माया पणजा कुठं हाय?"

मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला वाचता येत नाही, अक्षर कुणाचं ते कसं कळलं?"

"वाचता नाई येत. वळखता येते." तो पुन्हा आला नाही. मी आणि बडे बाबू त्या दिवशी त्याच्यावर थोडं हसलोही.

हा नथ्थू आमचा दफ्तरी. बस्ते बांधणं-सोडणं, कडुनिंबाचा पाला घालणं, उंदरांशी लढणं हे त्याचं काम. वाचायला त्यालाही येत नव्हतं, पण कुठल्या गावाचा बस्ता कुठल्या मांडणीवर, हे तो पाठमोरा उभा राहून सांगायचा. दर दसऱ्याला तो प्रत्येक बस्त्याला हळदकुंकू लावी, झेंडूचं फूल ठेवी. सुतार हत्यारं पुजतो, हा बस्ते पुजायचा. मूळ कागद नष्ट करायची वेळ आली तेव्हा बडे बाबूंनी त्याला सांगितलं, मागच्या खड्ड्यात जाळून टाक. नथ्थू जागचा हलला नाही.

"पुजलेल्या वस्तूले आग नाई लावत, बाबूजी. गनपती जाळता का तुमी?"

"मग काय करतोस?"

"तापीमायच्या सवाधीन करतो."

बडे बाबूंनी हुकूम पुन्हा वाचला. "नष्ट करावेत, असं लिहिलंय. कसे, ते लिहिलेलं नाही," ते म्हणाले. मग एका गाडीवर बस्ते रचून नथ्थू घाटावर जाऊ लागला. एकदा मी त्याच्याबरोबर गेलो. तो प्रत्येक बस्त्यात एक धोंडा बांधी, कमरेइतक्या पाण्यात जाऊन तो सोडी आणि हात जोडी. खारव्याचा लाल रंग पाण्यात थोडा वेळ दिसे. मी काठावर उभा राहून यादीवर खुणा करत होतो. यादीखाली माझी सही असे: नकला झाल्या, ताडून पाहिल्या, मूळ कागद ठेवण्याची जरुरी नाही.

भागाबाई आली ती त्यानंतरच्या थंडीत. शाहपूरच्या पुढच्या एका खेड्यातली, चाळिशी उलटलेली विधवा. कपाळ मोकळं, हात मोकळे, बोलणं सरळ. नवरा तरुणपणी गेला तेव्हा दोन दिरांनी आणि तिनं मिळून वाटणीचा कागद केला होता. त्यात तिच्या वाट्याला तीन एकर रान आणि थोरल्या दिराच्या शेतातल्या विहिरीवर दर चौथ्या दिवशी पाण्याची पाळी. वीस-बावीस वर्षं ते सुरळीत चाललं. आता दोघं दीर वारले होते, आणि थोरल्याच्या मुलानं, एकनाथनं, विहिरीवर इंजिन बसवून केळी लावली होती. केळीला पाणी किती लागतं ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. त्यानं काकूची पाळी बंद केली. तिनं साहेबांकडे अर्ज केला, आणि अर्जाला जोडायला कागदाची नक्कल हवी म्हणून ती माझ्याकडे आली.

मी रजिस्टरातून नक्कल उतरवून दिली, सुरेख, ठसठशीत. तिनं ती घडी करून पदराला बांधली. "लय उपकार झाले बाबूजी," म्हणाली. मला बरं वाटलं.

वीसेक दिवसांनी ती परत आली. ओसरीवर उभी राहिली आणि तिनं कागद माझ्यापुढे धरला.

"बाबूजी, याच्यात मायं नाव हाय?"

"आहे ना. हे काय, भागा."

"नावाच्या म्होरं काय लिवलं?"

मी वाचलं, "निशाणी नांगर."

"मी त बांगडी काढली व्हती."

 ती सांगत राहिली. कागद झाला तेव्हा नवऱ्याला जाऊन दोन महिने झाले होते. लिहिणाऱ्यानं बोरू हातात दिला. ती म्हणाली, मी काय काढू? तो म्हणाला, बायकांची बांगडी असते, बांगडी काढ. पहिली गोल आली नाही, शाई फुटली, म्हणून तिनं शेजारी दुसरी काढली. एवढं तिला लख्ख आठवत होतं. आणि आता एकनाथ गावभर सांगत होता की बाईमाणूस कधी नांगर काढत नाही, म्हणजे काकूच्या नावावर दुसऱ्याच कुणी निशाणी केली, म्हणजे कागदच बनावट.

 तो कागद मला आठवत नव्हता. हजारोंतला एक, कसा आठवणार? पण माझी सवय मला माहीत होती. तिच्या नावापुढचा तो नांगर मी वरून खाली येताना एका दमात ओढलेला होता, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

मी नथ्थूला गाठलं. गावाचं नाव सांगितलं. म्हटलं, एखादा बस्ता चुकून मागे राहिला असेल, कुठं कोपऱ्यात, तुझ्या घरी.

"ते त पोळ्याच्या आंधीच सोडला," तो म्हणाला. "कोरा खारवा बांधून सोडला. चांगला बस्ता व्हता."

"काही काढून ठेवलं नाहीस?"

"मी कशाले काढू? तुमच्याच सहीची यादी व्हती ना."

मग बडे बाबूंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चष्मा काढून पुसला. "ताडून मीही पाहिलंय," ते म्हणाले. "तुमच्याएवढीच माझी चूक आहे. पण पुढचं बघा. एक निशाणी चुकली म्हणालात, की उद्या गावोगावचे लोक दारात येतील, आमचीही चुकली म्हणून. ताडायला मूळ कुठाय? मूळ नाही तर नक्कल खरी, असं धरल्याशिवाय एकही शेत जागेवर राहायचं नाही. आणि तुमची नोकरी अजून कच्ची आहे, हे मी सांगायला नको." त्यांचं बोलणं मला पटलं. पटायला मी तयारच होतो, हेही खरं.

सुनावणीला साहेबांनी मला बोलावलं. साहेब रीव्याकडचे, तरुण, कमी बोलणारे. एका बाजूला एकनाथ, धुतलेलं धोतर, हातात माझ्याच अक्षरातली नक्कल. दुसऱ्या बाजूला भागाबाई. ती माझ्याकडे भरवशानं पाहत होती. तिला वाटत होतं, ज्यानं लिहिलं तोच आता सांगेल.

साहेबांनी विचारलं, "नकल आपने लिखी है?"

"जी."

"असल से मिलाई गई थी?"

"जी, मिलाई गई थी।"

"असल में इस औरत के नाम के आगे क्या निशान था, आपको याद है?"

"जी नहीं. याद नहीं।"

तिन्ही उत्तरं खरी होती. शपथेवर दिलेलं एकही उत्तर खोटं नव्हतं. नावं लिहून मी नांगर एका दमात ओढायचो, हे मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली, मला काही जोडायचं आहे का म्हणून. मग ते लिहू लागले.

निकाल असा झाला की जमीन तिच्या कब्ज्यात आहे ती राहील. पण कागदावरची निशाणी संशयास्पद असल्यामुळे विहिरीच्या पाळीबद्दल इथून काही हुकूम देता येत नाही, बाईनं हवं तर दिवाणी कोर्टात जावं. ती गेली नाही. त्या दिवशी ती कचेरीबाहेर आली. पायरीवर बसून तिनं कागदाची घडी घातली, पदराला बांधली आणि शाहपूरच्या मोटारीकडे चालू लागली.

त्यानंतर महिनाभर मी जेवणाच्या सुट्टीत जेवलो नाही. अजून निम्मे बस्ते तापीत जायचे होते. त्यांतला एकेक मूळ कागद काढून मी माझ्या नकलेशेजारी ठेवला आणि निशाण्या डोळ्यांनी पाहिल्या. ज्यांना मी नांगर देऊन बसलो होतो अशा अकरा बायका निघाल्या. एका लोहाराचा हातोडाही निघाला. मी लाल शाईनं दुरुस्त्या केल्या आणि साहेबांना एक चिठ्ठी लिहिली, की नकला झाल्या तरी मूळ कागद नष्ट करू नयेत, निशाण्या पुन्हा पाहाव्या लागतात. बडे बाबूंनी ती वाचली, सुस्कारा सोडला आणि माझ्या सहीखाली आपली सही केली.

साहेबांनी मला आत बोलावलं. "कुछ ग़लत निकला?"

"ग्यारह औरतें, साहब. और एक लोहार."

ते माझ्याकडे पाहत राहिले. बाराव्या बाईचं त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्या वेळी सांगता आलं असतं. दार बंद होतं, खोलीत तिसरं कुणी नव्हतं, आणि ऐकणारा माणूस बरा होता. तेवढी दोन मिनिटं मला परत मिळाली तर मी ती घेईन, बाकीची नोकरी होती तशीच असू द्या. साहेबांनी चिठ्ठीवर मंजूर लिहिलं. उरलेले बस्ते राहिले. नथ्थूनं त्यांना नवा खारवा आणला. पुढे माझी नोकरी पक्की झाली, बडे बाबूंच्या खुर्चीत मी बसलो, आणि माझ्या हाताखाली जो जो नक्कलनवीस आला त्याला मी पहिल्या दिवशी सांगितलं की ताडताना निशाणीपाशी दोघांनी थांबायचं आणि कागद अदलाबदल करायचे. लोक मला चक्रम म्हणत, म्हणोत.

भागाबाईकडे मी चार वर्षांनी गेलो. शाहपूरला दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो, तिथून पुढे चालत गेलो. तिचं रान लांबूनच ओळखू येत होतं. दोन्हीकडे एकनाथची हिरवीगार केळी आणि मध्ये तीन एकर कोरडवाहू कापूस, गुडघ्याएवढा. ती वेचत होती. तिनं मला ओळखलं, बांधावर बसायला सांगितलं, मडक्यातलं पाणी दिलं. पाणी गावातून डोक्यावर आणलेलं होतं.

मी सगळं सांगितलं. नांगर मी कसा ओढला, नथ्थूनं काय केलं, साहेबांसमोर मी काय बोललो आणि काय नाही बोललो. मग अकरा बायकांचं सांगितलं. खरं सांगायचं तर ते सांगताना मला थोडं हलकं वाटत होतं, थोडा अभिमानही वाटत होता. तिच्या बोटांचं काम चालूच होतं.

"त्या अकरा जनीयचं नीट झालं?"

"झालं."

"कागद ठेवले त्यायचे?"

"ठेवले. आता कधी नष्ट व्हायचे नाहीत."

"चांगलं केलं," ती म्हणाली. तिनं ओटीतला कापूस पाटीत रिकामा केला, हातांकडे पाहिलं, आणि पुढचं बोलली ते रागानं नाही, एखाद्याला रस्ता सांगावा तसं.

"हातातल्या फोडल्या तवा चार बायकायनं धरून फोडल्या, बाबूजी. गावानं आयकलं. कागदावरची एक राह्यली व्हती. ते तुमी फोडली, आन मले आवाजबी नाई आला."